बाजरीचा अरगट, हॉफमनची सायकल आणि डोक्यातला अंदाजपंचे कारभार

आमच्या आजोबांकडे बाजरी पेरायच्या आदल्या दिवशी एक ठरलेला कार्यक्रम असायचा. मोठ्या बादलीत दहा लिटर पाणी, त्यात दोन किलो मीठ, ते विरघळलं की बियाणं ओतायचं आणि काठीने ढवळायचं. चांगलं बी खाली बसायचं, फोल बी आणि काही काळपट बारीक गाठी वर तरंगायच्या. त्या गाठी आजोबा चाळणीने काढून लांब नेऊन पुरायचे, कोंबड्यांपुढेसुद्धा टाकू द्यायचे नाहीत. मग बी दोनतीन पाण्याने धुवायचं आणि सावलीत वाळवायचं. त्या काळ्या गाठींना ते अरगट म्हणायचे. पुढे मी फार्मसीला गेले आणि पुस्तकात हाच अरगट परत भेटला, आणि तोही कुठे तर थेट एलएसडीच्या, म्हणजे भास घडवणाऱ्या त्या नशेच्या रसायनाच्या धड्यात.

अरगट ही बुरशी आहे. फुलोऱ्यात असताना ढगाळ दमट हवा लागली की कणसावर मधासारखा चिकट थेंब दिसतो आणि नंतर दाण्याच्या जागी काळी कडक गाठ तयार होते. हिचीच युरोपातली भावकी राय नावाच्या धान्यावर पडते. जुन्या काळात तिकडे असलं पीठ खाऊन गावंच्या गावं आजारी पडायची, रक्तवाहिन्या आवळून बोटं काळी पडून गळायची, झटके यायचे, भ्रम व्हायचा. सुइणी मात्र हीच बुरशी बाळंतपणात वापरायच्या, कारण तिने गर्भाशय आकुंचन पावतं. आजही लेबर रूमच्या फ्रिजमधे मेथर्जिनची इंजेक्शनं ठेवलेली असतात ना, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला, ते औषध याच घराण्यातलं. ते तयार करणारा केमिस्ट आल्बर्ट हॉफमन, स्वित्झर्लंडमधल्या बाझलला सँडोझ कंपनीत होता, आणि त्याच टेबलावर त्याने १९३८ मधे अरगटमधल्या लायसर्जिक आम्लापासून एकापाठोपाठ एक पदार्थ बनवताना पंचविसावा बनवला. म्हणून एलएसडी-२५. (आपल्या बाजरीवरच्या अरगटात रसायनं वेगळी असतात बरं का, ती पोटात गेली तर उलट्या, चक्कर, गुंगी. उगाच कोणी कणसं हुंगायला जाऊ नका.)

प्राण्यांवर तपासलं तेव्हा कामाचं काही निघालं नाही, फाईल बंद. पाच वर्षांनी हॉफमनला काय वाटलं कोण जाणे, त्याने ते परत बनवलं आणि १६ एप्रिल १९४३ ला काम करताना थोडंसं अंगात गेलं असावं, कारण चक्कर येऊन तो घरी गेला आणि डोळे मिटल्यावर रंगच रंग दिसायला लागले. गडी चिवट, १९ एप्रिलला दुपारी चार वीसला त्याने मुद्दाम घेतलं, २५० मायक्रोग्रॅम. त्याच्या मते हा अगदी भीत भीत घेतलेला डोस होता कारण एवढ्याशा वजनात काम करणारं असलं औषध तोवर कोणाला माहीतच नव्हतं. अंदाज येण्यासाठी सांगते, पॅरासिटॅमॉलची ५०० ची गोळी असते ना, तेवढ्या वजनात हॉफमनचे असे २००० डोस बसतील.

तासाभराच्या आत त्याला बोलता येईना. युद्धामुळे गाड्या मिळत नव्हत्या, म्हणून असिस्टंटला सोबत घेऊन सायकलवर घरी निघाला. त्याला वाटत होतं सायकल जागची हलतच नाहीये, आणि असिस्टंटने नंतर सांगितलं की आपण चांगलेच जोरात आलो. घरी आल्यावर फर्निचर अंगावर येतंय असं वाटायला लागलं, उतारा म्हणून शेजारणीकडून दूध मागवलं, तो दोन लिटरच्या वर दूध प्यायला, आणि ती बिचारी शेजारीण त्याला रंगीत मुखवटा घातलेली चेटकीण दिसत होती. डॉक्टर आले, नाडी बघितली, बीपी बघितलं, सगळं नॉर्मल, फक्त डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. भीती ओसरल्यावर त्याला मजा यायला लागली, दाराची कडी वाजली किंवा रस्त्यावरून गाडी गेली की त्या आवाजाचं रंगीत चित्र दिसायचं. सकाळी उठला तर डोकं एकदम स्वच्छ, नाश्ता भारी लागला, पाऊस पडून गेलेली बाग चमकत होती.

माझं म्हणणं सगळं या गोष्टीतच आहे. शरीर नॉर्मल, डोळे धड, शेजारीण तीच, दूध तेच, मग चेटकीण आली कुठून? बुरशीत चेटकीण नव्हती. ती हॉफमनच्या डोक्यातच तयार झाली, आणि ज्या यंत्राने ती तयार केली तेच यंत्र रोज आपल्याला नॉर्मल शेजारीण पण तयार करून देत असतं.

आता केमिस्ट्री, थोडक्यात. मेंदूतल्या पेशी म्हणजे न्यूरॉन एकमेकांशी रसायनांनी बोलतात, त्यातलं एक सेरोटोनिन. (शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन पोटात-आतड्यात असतं, त्यामुळे याला नुसतं 'आनंदाचं हार्मोन' म्हणणाऱ्या रील्सकडे दुर्लक्ष करा.) न्यूरॉनवर सेरोटोनिनसाठी कुलपं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात, आणि ही कुलपं चौदाएक प्रकारची आहेत. एलएसडी किंवा काही ठरावीक मशरूममधलं सायलोसायबिन, जे पोटात गेल्यावर सायलोसिन होतं, यांचा सांगाडा सेरोटोनिनशी इतका मिळताजुळता आहे की ती यातल्या बऱ्याच कुलपांत जाऊन बसतात. पण नशेला जबाबदार मुख्यतः एकच, त्याचं नाव २ए. हे कळलं कसं? झुरिचमधे १९९८ मधे लोकांना आधी हे २ए कुलूप बुजवणारं केटान्सेरिन नावाचं औषध दिलं आणि मग सायलोसायबिन दिलं, तर भासबिस जवळपास झालेच नाहीत.

मग कोणीही विचारेल की सेरोटोनिन तर चोवीस तास त्याच कुलपात ये-जा करतंय, आपल्याला का नाही भिंती हलताना दिसत? रास्त प्रश्न आहे आणि पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाहीये. एक म्हणजे कुलूप तेच असलं तरी प्रत्येक किल्ली त्यात वेगळी फिरते, लिसुराईड नावाचं औषध त्याच कुलपात बसतं आणि तरी भास देत नाही. दुसरं, २०२३ मधे उंदरांवर आणि पेशींवर काम करणाऱ्या लोकांनी दाखवलं की ही कुलपं पेशीच्या बाहेरच नाही तर आत पण असतात, सेरोटोनिनला भिंत ओलांडून आत जाता येत नाही, या पदार्थांना जाता येतं. आणि एलएसडीची एक खास गंमत आहे, २०१७ मधे त्याला रिसेप्टरमधे बसलेल्या अवस्थेत क्रिस्टल करून फोटो काढला तेव्हा दिसलं की एलएसडी आत गेल्यावर रिसेप्टरचा एक भाग त्याच्यावर झाकणासारखा येतो, कुकरमधे डबा ठेवून झाकण लावावं तसा. त्यामुळे ते लवकर बाहेर पडत नाही. मशरूमची नशा चार ते सहा तासांत उतरते, एलएसडीची आठ ते बारा तास चालते, त्यामागचं एक कारण हे झाकण.

२ए कुलपं सगळ्यात दाट कुठे आहेत हे बघितलं की खरी मजा कळते. मेंदूच्या वरच्या सालीत सहा थर असतात, त्यातल्या पाचव्या थरात मोठमोठे न्यूरॉन असतात आणि त्यांच्यावर ही कुलपं भरपूर. आता हे न्यूरॉन काय करतात? बाकी कामं आहेतच, पण एक मोठं काम म्हणजे वरून खाली निरोप पाठवणं, 'बाबांनो, पुढे हे हे दिसणार आहे'.

हे जरा सावकाश घेऊया. आपल्याला वाटतं डोळा कॅमेरा आहे आणि मेंदू स्क्रीन. तसं नाहीये. संध्याकाळी एसटी स्टँडवर तासभर गाडीची वाट बघत उभं राहिलेलं असलं की लांबून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या पाटीवर आपल्याच गावाचं नाव दिसतं, हो ना? अक्षर अजून दिसत पण नसतं, आणि तरी आपण पिशवी उचललेली असते. गाडी जवळ आल्यावर कळतं ही भलतीकडचीच. मेंदू दिवसभर हेच करत असतो, आधी अंदाज बांधतो आणि डोळ्यांकडून फक्त 'चूक असेल तर सांगा' एवढीच माहिती मागवतो. आपल्याकडे दोरीला साप समजण्याचा दाखला किती जुना आहे, तो वेदान्तवाल्यांनी वेगळ्या कारणासाठी वापरला पण मेंदूच्या बाबतीत शब्दशः खरा आहे. अंधारात दोरी दिसली की आधी साप, मग टॉर्च, मग दोरी. थोडक्यात सगळा अंदाजपंचे दाहोदरसे कारभार, फक्त अंदाज इतके भारी असतात की आपल्याला तो अंदाज आहे हे जाणवतच नाही.

सायकेडेलिक, म्हणजे एलएसडी-सायलोसायबिनसारखं भास घडवणारं काही, घेतल्यावर पाचव्या थरातले हे न्यूरॉन बेताल पेटायला लागतात आणि वरून खाली येणाऱ्या अंदाजांचा दरारा कमी होतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधे ज्याने यावर बरंच काम केलं तो रॉबिन कारहार्ट-हॅरिस आणि गणिती डोक्याचा कार्ल फ्रिस्टन यांनी २०१९ मधे ही थिअरी मांडली, सगळ्यांना ती मान्य आहे असं नाही, पण मला आजवर सगळ्यात पटलेलं स्पष्टीकरण हेच. भिंत स्थिर असते हा मेंदूचा पक्का अंदाज. डोळे तर सतत बारीक हलत असतात, येणारं चित्र थरथरतंच, वरून अंदाज ठणकावून सांगतो की भिंत आहे ती, हलत नाही. तो आवाज बारीक झाला की भिंत श्वास घ्यायला लागते. शेजारीण म्हणजे शेजारीण हा अंदाज ढिला झाला की चेहऱ्याचं काहीही होऊ शकतं. काही लोक यात थॅलॅमसला पण धरतात, म्हणजे मेंदूतला वॉचमन, इंद्रियांकडून येणारा माल चाळून आत सोडणारा, आणि त्याची चाळण मोठी होते म्हणतात. ते पण असेल, दोन्ही एकत्र होऊ शकतं.

आणि ती नक्षी. डोळे मिटले तरी बोगदे, चक्रं, मधमाशीचं पोळं, कोळ्याचं जाळं. १९२० च्या दशकात हाइनरिश क्लुव्हर नावाच्या माणसाने मेस्कॅलिनवर, म्हणजे कॅक्टसमधल्या अशाच एका रसायनावर, अभ्यास करताना नोंदवलं की लोक कुठलेही असोत, नक्षीचे प्रकार फिरून फिरून हे चारच. मायग्रेनवाल्यांना पण असलंच दिसतं, डोळे चोळल्यावर आपल्यालाही थोडं दिसतं. याचं उत्तर शेवटी गणितातून आलं. डोळ्याच्या मध्यभागी जे दिसतं त्याला मेंदूच्या दृष्टीच्या भागात भरपूर जागा दिलेली असते, कडेच्याला कमी, त्यामुळे डोळ्यासमोरचं गोल चित्र मेंदूवर पसरताना वेडंवाकडं ताणलं जातं, गोल पृथ्वीचा सपाट नकाशा करताना ग्रीनलँड फुगतं ना तसं. आता बाहेरून काही न येता मेंदूच्या त्या पट्टीत आपोआप साध्या सरळ रेघा उठल्या, तर उलट्या हिशोबाने समोर काय दिसेल? गोल, बोगदे आणि चक्रं. म्हणजे ट्रिपवर बसलेला माणूस 'विश्वाचं रहस्य बघतोय' म्हणतो तेव्हा तो बऱ्याच अंशी स्वतःच्या डोक्यातलं वायरिंग बघत असतो. मला हे रहस्यापेक्षा जास्त भारी वाटतं, पण असो. २०१६ मधे इम्पीरियलमधेच २० जणांना एलएसडी देऊन स्कॅन केलं तेव्हा डोळे मिटलेले असताना दृष्टीचा भाग मेंदूच्या इतर कितीतरी भागांशी जोडला गेलेला दिसला, एरवी एवढा नसतो. आवाजाचं चित्र का होतं याचा थोडा उलगडा त्यात आहे.

सगळ्यात चर्चेची गोष्ट म्हणजे 'मी विरघळलो'. मेंदूत एक जाळं आहे, डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात, आपण काही करत नसतो तेव्हा ते जास्त चालतं. कालचं आठवणं, उद्याची चिंता, तो मला असं का बोलला, ही जी डोक्यात सतत चाललेली 'मी'ची बखर असते त्याचा कारभार बराचसा इथला. २०१२ मधे सायलोसायबिन देऊन स्कॅन केल्यावर सगळ्यांना वाटलं होतं मेंदू पेटून उठलेला दिसेल, झालं उलटंच, याच जाळ्याचे मुख्य अड्डे थंडावले होते. नंतर २०२४ मधे अमेरिकेत सेंट लुईसला फार बारकाईने अभ्यास झाला, माणसं फक्त ७, पण एकेकाचा एमआरआय आधी, दरम्यान आणि नंतर मिळून सरासरी १८ वेळा. तुलनेसाठी त्यांनाच दुसऱ्या वेळी रिटालिन या गोळीतलं, भास न देणारं उत्तेजक औषध दिलं होतं, आणि त्या टीममधला एक शास्त्रज्ञ स्वतःच सात जणांपैकी एक होता.

त्यात काय दिसलं ते सांगायला मला वारी बरी पडते. एरवी मेंदू म्हणजे ओळीने चाललेल्या दिंड्या. प्रत्येक दिंडीत टाळ एका लयीत, आणि दोन दिंड्यांमधे अंतर राखलेलं त्यामुळे हिचा अभंग तिच्यात मिसळत नाही. सायलोसायबिनने दिंडीतल्या दिंडीत टाळ चुकायला लागले आणि मधलं अंतर गेलं, शेजारच्या दिंडीचा अभंग आपल्यात यायला लागला. हा गोंधळ सगळ्यात जास्त डिफॉल्ट मोडवाल्या दिंडीत. एरवी प्रत्येकाच्या मेंदूची जोडणी अंगठ्याच्या ठशासारखी स्वतःची असते, ती ओळखच त्या काही तासांत पुसट झाली. आणि एक गोष्ट मला फार आवडली, त्या अवस्थेत त्यांना साधं काम दिलं, चित्र आणि शब्द जुळतात का सांगा, की गोंधळ कमी व्हायचा. घाबरलेल्या माणसाला 'इकडे बघ, माझा हात धर, समोर काय आहे सांग' म्हणतात ते उगीच नाही. बाकी सगळं दिवसाभरात जागेवर आलं, फक्त डिफॉल्ट मोड आणि आठवणी सांभाळणारा हिप्पोकॅम्पस यांच्यातली जोडणी काही आठवडे सैल राहिलेली दिसली.

डिप्रेशनवाल्या डॉक्टरांचा डोळा या सैलपणावर आहे. डिप्रेशनमधे ती बखर एकाच पानावर अडकते, मी बेकार, माझं काही होणार नाही, फिरून तेच. आणि उंदरांमधे सायलोसायबिनच्या एका डोसनंतर न्यूरॉनच्या फांद्यांवर नवे जोड फुटलेले दिसलेत, महिनाभर टिकलेले पण. आता उंदीर तो उंदीर, हे लक्षात ठेवून पुढे वाचा. २०२२ मधे माणसांवरची मोठी ट्रायल आली, औषधांनी बरं न होणारं डिप्रेशन असलेले २३३ पेशंट, तीन आठवड्यांनी २५ मिलीग्रॅमवाल्यांपैकी ३७ टक्क्यांना चांगला फरक, नावापुरता १ मिलीग्रॅम दिलेल्यांपैकी १८ टक्क्यांना. बाराव्या आठवड्यापर्यंत टिकलेला फरक बघितला तर २० आणि १०. म्हणजे काहीतरी आहे, पण बातम्यांमधे 'चमत्कार' लिहितात तेवढं नाही. शिवाय अडचण अशी की समोर भिंत वितळायला लागली की पेशंटला कळतंच आपल्याला खरं औषध मिळालंय, मग प्लासिबोशी म्हणजे खोट्या औषधाशी तुलना कसली करणार. अपेक्षेचा जोर किती असतो ते बघा, कॅनडात ३३ विद्यार्थ्यांना 'हे सायकेडेलिक आहे' सांगून नुसती खोटी गोळी दिली, खोलीत रंगीत लाईट, म्युझिक, आणि मधे नशा चढल्याचं नाटक करणारे काही जण बसवले, तर निम्म्याहून जास्त जणांनी काहीतरी जाणवल्याचं सांगितलं!

आपल्याकडे सगळ्याला एकच नाव, नशा, त्यामुळे हे वेगळं काढायलाच हवं. भांगेचं कुलूप वेगळं, तिचं सेरोटोनिनशी सरळ घेणंदेणं नाही. धोत्रा तर पूर्ण निराळा प्रकार आहे आणि फार वाईट आहे. धोत्र्यातली रसायनं ॲसिटिलकोलिन नावाच्या निरोप्याचं तोंड बंद करतात, तोंडाला कोरड, अंग तापतं, लघवी अडकते, आणि माणूस समोर नसलेल्या मामाशी गप्पा मारतो आणि त्याला खरंच मामा दिसतोय असं वाटतं, नंतर काही आठवत नाही, जीवही जातो. एलएसडीवर बहुतेकांना आत कुठेतरी माहीत असतं की हा औषधाचा खेळ आहे. हॉफमनला चेटकीण दिसत होती तरी आपण प्रयोग केलाय हे तो विसरला नव्हता, म्हणून तर डॉक्टरला बोलावलं.

सवयीचं म्हणाल तर दारू-सिगारेटसारखी रोजची ओढ यांना सहसा लागत नाही, कारण दोनतीन दिवस ओळीने घेतलं तर कुलपंच कमी होतात आणि असर जवळपास बंद पडतो. पण म्हणून निरुपद्रवी म्हणू नका. घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर तो ढिला झालेला अंदाज परत घट्ट होईलच याची खात्री नाही, बायपोलरवरच्या लिथियमच्या गोळ्या चालू असताना झटके आलेत, काहींना महिनोन्महिने दिव्याभोवती वलयं आणि हलत्या वस्तूंमागे शेपटं दिसत राहतात. आणि गोव्याच्या किनाऱ्यावर किंवा पुण्याच्या एखाद्या पार्टीत जे एलएसडी म्हणून हातात पडतं ते एलएसडीच असेल असं कोण सांगणार, एलएसडी कागदाच्या बारीक तुकड्यांवर टिपून विकतात, एनबोम नावाची दुसरी रसायनं तसल्याच कागदावर त्याच नावाने विकली जातात आणि त्यांनी माणसं मेलीत.

तो कागद, ब्लॉटर, यावरून कायद्यात एक भांडण आहे. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली एलएसडीचं 'अल्प प्रमाण' म्हणजे २ मिलीग्रॅम, हॉफमनचे आठ डोस, आणि 'व्यावसायिक प्रमाण' ०.१ ग्रॅम, ज्याला कमीत कमी दहा वर्षं. एका तुकड्यावर रसायन असतं काही मायक्रोग्रॅम आणि कागद भरतो कित्येक मिलीग्रॅम. तर तराजूत वजन नुसत्या रसायनाचं करायचं की कागदासकट, यावर मुंबई हायकोर्टात वाद झालाय.